आत्तीची किळस

सुनेला सासूची किळस यावी, ही तासगावात काही बातमी नव्हे. पण जिची किडनी पोटात घेऊन सून हिंडते-फिरते, त्याच सासूच्या हातची भाकरी पाहून सुनेच्या तोंडाला पाणी सुटावं, भुकेचं नव्हे तर ओकारीच्या आधी सुटतं ते खारट, पातळ पाणी, ही मात्र बातमी होती. प्रणाली खराडेनं ती कितीतरी दिवस कुणाला सांगितली नव्हती.

सुरुवात एका सकाळी स्वयंपाकघरात झाली. आत्ती परातीपुढं बसून भाकरी थापत होत्या. त्या भागात सासूला आत्तीच म्हणतात, आणि वैजयंता खराडे तर सगळ्या गल्लीच्याच आत्ती होत्या. प्रणाली चहा गाळत होती आणि तिला वास आला. बेदाण्याच्या शेडमध्ये जाळीखाली गळून पडलेली द्राक्षं कुजून त्यांत अळ्या पडल्या की येतो तसा, गोडसर आणि घाण. तिनं मोरी धुतली. फ्रिज ओढून मागं मेलेला उंदीर शोधला. घूस मेली असेल म्हणून माळ्यावर बॅटरी मारली. काही सापडलं नाही. मग आत्ती उठून तिच्याजवळ आल्या, म्हणाल्या, "काय शोधतीयास गं?" आणि वास त्यांच्यासोबत आला.

ती बाई दोन वेळा अंघोळ करणारी. अंगाला साबणाचा आणि तोंडाला मशेरीचा वास, एवढंच काय ते. गेली कितीतरी वर्षं प्रणाली त्यांच्याच मांडीवर डोकं ठेवून टीव्ही बघत आली होती. आणि आता त्यांच्या नखात अडकलेलं पीठ दिसलं तरी तिच्या घशाशी येऊ लागलं. मोरीच्या जाळीत अडकलेला पांढरा केस तिनं चिमट्यानं उचलून गच्चीवरून खाली टाकला. आत्तींनी पाणी प्यायलेला तांब्या ती दोनदोनदा घासायची. त्यांचा ओला टॉवेल दोरीवर लागला की खिडकी लावून घ्यायची. आणि हे सगळं करताना स्वतःला मनातल्या मनात शिव्या घालायची, कारण कृतघ्नपणाला दुसरं नाव असतं का?

किडनीची गोष्ट अशी होती. प्रणालीच्या दोन्ही किडन्या तिशीतच गेल्या. नवरा धैर्यशील, त्याचा रक्तगट जुळेना. तिच्या आईला साखरेचा आजार. सख्ख्या भावानं तपासणीची तारीख घेतली आणि त्या दिवशी त्याला नेमकं पुण्याला काम निघालं. सगळे गप्प बसले असताना आत्ती म्हणाल्या होत्या, "दोन हायत की माझ्याकडं. एक नुसतीच पडलीया." रक्तगट जुळला. बाकी काहीच जुळण्याचं कारण नव्हतं. सासू-सुनेचं रक्ताचं नातं नसतं. पण आता तशी गरजही उरली नव्हती, कारण झेलपंप आला होता.

झेलपंपाआधी काय व्हायचं ते सांगायला हवं. आपल्या शरीरातल्या रक्षक पेशींना डोळे नसतात, त्या चाचपून ओळखतात. प्रत्येक पेशीच्या अंगावर तिच्या कुळाच्या खुणा असतात. परकी खूण हाताला लागली की रक्षक पेशी काही रेणू सोडते. त्यांना सायटोकाईन म्हणतात. हे रेणू म्हणजे शिवारात दिलेली हाळी. एकीनं हाळी दिली की चार धावून येतात, त्या चौघी आणखी हाळ्या देतात. गंमत म्हणजे ज्या अवयवावर हल्ला होतोय, त्याच्या रक्तवाहिन्याही सुजून 'इकडं या' म्हणणारे रेणू सोडायला लागतात आणि मारेकऱ्यांना स्वतःच वाट दाखवतात. चांगली धडधाकट किडनी अशानं सुजून, काळवंडून मरते. पूर्वीची औषधं या सगळ्या रक्षकांनाच झोपवून ठेवायची. किडनी वाचायची, पण साध्या सर्दीनं माणूस आडवा व्हायचा.

झेलपंप तसं करत नसे. बोटाच्या पेराएवढी ती डबी किडनीशेजारी बसवत आणि तिच्यातून पाझरणारे कृत्रिम रेणू हाळी जिथल्या तिथं झेलून टाकत. रक्षक जागे राहत, पण या एका ठिकाणची बोंब त्यांच्या कानावर जात नसे. मिरजेच्या दवाखान्यात प्रणालीला तो पंप बसवला आणि महिन्याभरात ती कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात कामावर रुजू झाली. आयुष्य पुन्हा सुरळीत झालं असं सगळ्यांना वाटलं.

तिला सर्वांत घाण वाटायची ती एकच गोष्ट. रात्री कूस बदलताना ओटीपोटावरच्या व्रणाखाली तिला ती किडनी हाताला लागायची, आणि तिची किळस यायची नाही. आतल्या आत्ती चालत होत्या. बाहेरच्या आत्ती पाण्याचा पेला घेऊन आल्या की मात्र ती श्वास रोखून धरायची.

अशात धैर्यशीलनं सत्काराचं काढलं. त्याचा हेतू चांगला होता, आणि चांगल्या हेतूनंच माणसं भलभलतं करून बसतात. बायको आईपासून लांब लांब राहते हे त्याला दिसत होतं. उपकाराचं ओझं होतंय, चारचौघांत एकदा कृतज्ञता व्यक्त केली की मन मोकळं होईल, असं त्यानं स्वतःच ठरवलं. महिला मंडळाच्या शैलजाताईंना आयतंच निमित्त मिळालं. आदर्श सासू पुरस्कार, आणि त्याआधी सुनेच्या हस्ते सासूची पाद्यपूजा.

मंगल कार्यालयात पंखे गरगरत होते. आत्ती पाटावर बसल्या होत्या, नव्या साडीत अवघडून. पुढं ताम्हण, तांब्यात कोमट पाणी, वाटीत दूध. प्रणाली खाली बसली आणि तो वास तिच्या तोंडावर आदळला. आत्तींच्या टाचांना भेगा होत्या. त्या भेगांत दूध शिरलं, कुंकू शिरलं, आणि त्या लालसर, साकळलेल्या पाण्याकडं बघता बघता प्रणालीला वाटलं की आपण कुजलेलं मांस धुतोय. तिचा हात ताम्हणावरच थांबला.

आत्ती वाकून हळूच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं. नुसतं पाणी घाल आन् ऊठ."

पण माईक शैलजाताईंच्या हातात होता. "आता आपल्या सूनबाई आईंचं चरणतीर्थ घेतील," त्या म्हणाल्या, आणि कुणीतरी पळीत ते पाणी भरून प्रणालीच्या ओठांशी नेलं.

ती ओकली. ताम्हणात, आत्तींच्या पायांवर, नव्या साडीच्या काठावर. पोहे, चहा, आणि मग नुसतं पिवळं पित्त. मग मागून एक बाई स्पष्ट म्हणाली, "गरज सरो, वैद्य मरो." सगळ्यांच्या हातात फोन होतेच. संध्याकाळपर्यंत ती ओकारी पार जतपर्यंत पोचली.

गाडीत धैर्यशील एवढंच म्हणाला, "माझ्या आईचे पाय एवढे घाण आहेत काय?" खरं उत्तर 'होय' असं होतं.

घरी आल्यावर आत्तींनी स्वतःच पाय धुतले, साडी भिजत टाकली आणि प्रणालीच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर येऊन उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत.

"पोरी, खरं सांग. माझा वास येतोय न्हवं तुला?"

प्रणाली रडायला लागली. मान हलवली.

"कसला येतोय?"

"नका विचारू, आत्ती."

"मेल्यासारका?"

प्रणालीनं पुन्हा मान हलवली. आत्ती उंबऱ्यापासून आणखी एक पाऊल मागं सरल्या. मग म्हणाल्या, "मग रडतीयास कशाला? डागदरीनबाईला दाखवूया. दुखण्याला कोन लाजतंय व्हय?"

दुसऱ्या दिवशी मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर शबाना मुजावर यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी वेगवेगळ्या बायकांनी रात्रभर घातलेले सुती ब्लाउज बरण्यांत भरून मागवले, त्यांत एक आत्तींचा. बरण्या सारख्याच होत्या, नावं कुठंच नव्हती. प्रणाली एकेक झाकण उघडून वास घेत गेली. घाम, पावडर, खोबरेल तेल, पुन्हा घाम. मग एक बरणी उघडली आणि तिला पळत बेसिन गाठावं लागलं. ती बरणी आत्तींची होती.

डॉक्टरांनी तिला पाणी दिलं आणि समोर बसवलं. आत्ती दाराजवळच्या खुर्चीवर होत्या, खिडकी उघडी ठेवून.

"झेलपंप हाळी झेलतो, हे तुम्हाला माहीत आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण झेललेली हाळी जाते कुठं, हे आम्ही पुरेसं पाहिलं नाही. ती रक्तात जाते, तिला किडनीचे बारीक कण चिकटलेले असतात, आणि मेंदूपर्यंत पोचते. मेंदूत किळसेची एक जागा असते. एखाद्या वेळी शिळे मासे खाऊन माणूस आजारी पडतं आणि मग वर्षानुवर्षं माशांच्या नुसत्या वासानंही त्याला मळमळतं, ते त्याच जागेचं काम. तुमच्या मेंदूला सतत निरोप मिळतोय की अंगात काहीतरी परकं, धोक्याचं शिरलंय. आणि ज्या जनुकांमुळं पेशींवर कुळाच्या खुणा उमटतात, त्याच जनुकांमुळं थोडाफार अंगाचा वासही ठरतो. मेंदूनं दोन्हींचा ताळा जुळवला."

"म्हणजे?" प्रणालीनं विचारलं.

"म्हणजे शरीराला किडनी नाकारू दिली नाही, तर मेंदूनं किडनी देणारं माणूस नाकारलं."

"असं कुणालाच झालं नाही आजवर?"

"झालं असणार. पण पुष्कळ किडन्या मेलेल्या, अनोळखी माणसांच्या असतात. त्यांचा वास घ्यायला कोण जातंय? आणि घरातल्याच माणसानं दिलेली असली, तर अशी तक्रार घेऊन लोक आमच्याकडं येत नाहीत. ते वकिलाकडं जातात." डॉक्टरांच्या तोंडावर स्वतःबद्दलचाच वैताग होता. "बहिणी-बहिणींचं बोलणं तुटलं, नवरा-बायको वेगळे राहिले. आम्ही फाईलवर लिहीत गेलो, किडनी उत्तम."

प्रणाली म्हणाली, "पंप कमी करा."

"कमी केला तर हाळी रक्षकांपर्यंत पोचेल. किळस जाईल आणि किडनीही जाईल. नवा पंप येईपर्यंत दुसरा उपाय माझ्याकडं नाही. आणि एक लक्षात ठेवा. किळस येतेय तोवर पंप चालतोय. एखाद्या दिवशी ती आपोआप गेली, तर पेढे वाटत बसू नका. तडक इकडं या."

आत्ती त्याच आठवड्यात सावळजच्या वाटेवरच्या मळ्यात राहायला गेल्या. कुणी जा म्हटलं नव्हतं. एक ट्रंक, देवघरातला बाळकृष्ण आणि मशेरीची डबी, एवढंच नेलं. जाताना अंगणातूनच ओरडून म्हणाल्या, "वारं मळ्याकडनं सुटलं तर खिडक्या लावून घे गं." त्या थट्टेवर हसणंसुद्धा प्रणालीला जमलं नाही.

गावानं जे बोलायचं ते बोललंच. किडनी घेतली आणि म्हातारीला हाकललं. बेदाण्याच्या सौद्यातसुद्धा तिच्याकडं बघून माणसं कुजबुजायची. प्रणालीला त्याचं एवढं वाईट वाटलं नाही, जेवढं स्वतःच्या हायसं वाटण्याचं वाटलं. आत्ती गेल्या त्याच दिवशी तिनं फिनेलनं सगळं घर पुसलं. आत्तींची गोधडी, जिच्यात प्रणालीच्याही दोन जुन्या साड्या शिवलेल्या होत्या, ती पोत्यात घालून कचऱ्याच्या गाडीत टाकली. आणि मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती गाढ झोपली. सकाळी उठल्यावर आरशात स्वतःचं तोंड बघून तिला शिसारी आली, आणि ती कुठल्याही पंपामुळं आलेली नव्हती.

धैर्यशील रोज मळ्यावर जेवायला जाऊ लागला. परत आला की ती त्याला दारातच थांबवायची, अंगणातल्या नळावर अंघोळ करायला लावायची. त्याचा शर्ट काठीनं उचलून बादलीत टाकायची. डॉक्टरांनी त्यालाही सगळं समजावून सांगितलं होतं, पण समजणं वेगळं आणि आईचा वास बायकोला काठीनं उचलताना बघणं वेगळं. एकदा तो कुडकुडत उभा असताना म्हणाला, "तू माणूस आहेस का गं?" तिनं त्याला टॉवेल दिला. यापेक्षा जास्त बोलणं त्यांच्यात आता होत नसे.

आत्ती आठवड्यातून एकदा यायच्या. फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर डबा ठेवायच्या, मागं सरून रस्त्याच्या पलीकडं उभ्या राहायच्या आणि तिथून तब्येत विचारायच्या. डब्यातलं प्रणाली खाऊ शकत नसे, ते शेजारच्या कुत्र्याला जाई. आत्तींना ते ठाऊक होतं, तरी डबा चुकत नव्हता.

त्या दिवशीही आत्ती आल्या. प्रणाली फाटक उघडून बाहेर आली. वारा समोरून होता. सवयीनं तिनं श्वास रोखला, मग सोडला, आणि तो पुन्हा आत आला तेव्हा त्यात काहीच नव्हतं. तिनं डब्याचं झाकण उघडलं. वांग्याचं भरीत होतं, कच्चा कांदा आणि ठेच्याचा झणका. तिला कडकडून भूक लागली. ती रस्ता ओलांडून गेली. आत्ती मागं सरायला लागल्या तशी हिनं त्यांचा हात धरला, आणि मग गळ्यातच पडली. मशेरी, घाम, साबण. मानेजवळ गोठ्याचा हलकासा वास. तिला इतका आनंद झाला की कुठल्या तोंडानं तो व्यक्त करावा ते कळेना. नाक त्यांच्या खांद्यात खुपसून ती नुसती श्वास घेत राहिली.

आत्तींचं अंग मात्र ताठ झालं होतं. "वास न्हाई येत?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"जरा बी न्हाई?"

"नाही, आत्ती. तुमचाच येतोय. पहिल्यासारखा."

आत्तींनी तिला दोन्ही हातांनी लांब धरलं. त्यांचा चेहरा उतरला होता. डॉक्टर काय म्हणाल्या होत्या ते दाराजवळच्या खुर्चीवरून त्यांनीही ऐकलं होतं. आणि प्रणालीलाही ते गळ्यात पडण्याआधीच आठवलं होतं.

"आजचा दिवस राहू दे," प्रणाली म्हणाली. "एक दिवसानं काय होतंय? आज जेवूया दोघी. मांडीवर झोपते जरा. उद्या सकाळी जाऊ मिरजेला."

"धैर्याला फोन लाव."

"आत्ती, ऐका की. मला परत ते नको. तुमची घाण वाटायला नको मला. त्यापेक्षा आठवड्याला दवाखान्यात जाऊन रक्त धुऊन घेत बसेन."

"माझी किडनी हाय ती," आत्ती म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण प्रणालीनं तो कधी ऐकलेला नव्हता. "तुझ्या लाडापायी नासू देनार न्हाई मी. लाव फोन."

गाडीत दोघी मागं बसल्या. प्रणालीनं डोकं आत्तींच्या मांडीवर ठेवलं आणि वाटेतच डब्यातलं भरीत त्यांच्या हातानं खाल्लं, बोटं चाटून. धैर्यशील आरशातून बघत होता. इतके महिने ज्याला तो मनातून नाटक समजत होता ते नाटक नव्हतं, हे त्याला आता पटलं असावं, कारण त्याला रस्ता नीट दिसत नव्हता आणि तो सारखा डोळे पुसत होता.

दवाखान्यात डॉक्टरांना दोष लगेच सापडला. पंपाच्या जाळीवर शरीरानं पातळ पापुद्रा धरला होता आणि झेलणारे रेणू बाहेर पडत नव्हते. किडनी सुजायला लागली होती, पण वेळ गेलेली नव्हती. त्यांनी कातडीतून सुई घालून जाळी मोकळी केली, मात्रा वाढवली आणि प्रणालीला खाटेवर झोपवलं.

"रक्ताचा अहवाल उद्या येईल," त्या म्हणाल्या. "पण तुमचं नाक त्याच्या आधी सांगेल. संध्याकाळपर्यंत काही फरक नाही पडला, तर जुनी औषधं सुरू करावी लागतील, आणि त्यांनी किडनी वाचेलच असं मी सांगू शकत नाही." मग आत्तींकडं वळून म्हणाल्या, "तुम्ही इथंच बसा. अगदी जवळ."

आत्ती स्टुलावर बसल्या. प्रणालीनं त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. दुपारभर दोघी बोलत राहिल्या. शेजारच्या बाईच्या लेकीचं लग्न, मळ्यातली व्यालेली शेळी, शैलजाताईंचं माईकवरचं बोलणं. आत्तींनी शैलजाताईंची नक्कल केली आणि प्रणाली सुई टोचलेली जागा दुखेपर्यंत हसली. मधूनमधून आत्ती विचारायच्या, "आली का?" ती म्हणायची, "नाही." दोघींनाही ती किळस आलेली पाहायची होती, आणि दोघींनाही ती यायला नको होती.

खिडकीतलं ऊन भिंतीवर गेलं तेव्हा मशेरीच्या वासाखाली काहीतरी हललं. गोडसर. प्रणालीनं आवंढा गिळला आणि हात घट्ट धरला.

"आली का?"

"नाही."

जरा वेळानं तिच्या तोंडात खारट पाणी साठायला लागलं. आत्तींच्या हातावरची सुरकुतलेली कातडी, तिच्यावरचे तपकिरी ठिपके, नखांच्या कडेचा मळ, सगळं पुन्हा दिसू लागलं, सुटं सुटं, मढ्यावरचं असावं तसं. तो हात तिला भिरकावून द्यावासा वाटला. तिनं तो गालाला लावला आणि डोळे मिटून घेतले. अजून थोडा वेळ. अजून जरासा.

"गिळतीयास कशाला?" आत्ती म्हणाल्या. "माझ्याकडं बघ. आली न्हवं?"

प्रणालीनं डोळे उघडले. "आली, आत्ती."

आत्तींनी हात सोडवून घेतला. क्षणभर तो तिच्या डोक्यावरून फिरवावा असं त्यांच्या मनात आलं असेल, हात उचललाही होता, पण तो त्यांनी मागं घेतला आणि छातीशी दोन्ही हात जोडले. मग चपला पायात सरकवून त्या भराभर खोलीबाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं.

प्रणाली खाटेच्या कडेला वाकली आणि भांड्यात ओकली. दुपारचं भरीत आलं, कांदा आला, आणि त्यामागून आणखी काही उरलं नाही तरी पोट पिळतच राहिलं. आवाज ऐकून नर्स धावत आली. दाराच्या काचेपलीकडं आत्ती उभ्या होत्या. त्यांनी हात आडवा घालून नर्सला थांबवलं.

"ओकू दे तिला," आत्ती म्हणाल्या. "चांगली ओकू दे."